रोझाची पहिली तिरडी

माझी धाकटी जाऊ कमरेला कोयता लावून देवळात जायची. नारळ पाडायला वाडीत गडी येतात ना, पाठीशी लाकडी आकडी आणि तिच्यात अडकवलेला कोयता, अगदी तस्सा. साडीवर. बाजारात जाताना तो, लग्नाला जाताना तो, दिघीहून फेरीबोटीने पलीकडे आगरदांड्याला उतरतानाही तोच. एकदा देवळातल्या गुरवांनी धीर करून विचारलं, "रोझाबाई, देवीच्या दारात हत्यार कशाला?" रोझाने देवीकडे बोट केलं. म्हणाली, "तिच्या हातात काय हाय? तिला सांगा आधी खाली ठेवायला, मग मी ठेवते." गुरवांनी मुकाट तिच्या हातावर तीर्थ घातलं. विषय संपला.

आता तुम्ही म्हणाल, रोझा हे काय नाव, आणि रोझा देवळात काय करते? सांगते. माझा दीर शांताराम मस्कतला टगबोटीवर होता. तिथल्या एका हॉस्पिटलच्या धोबीखान्यात ही कामाला. फिलिपाइन्सची, समार नावाच्या बेटावरची, ख्रिस्ती. दोघांनी तिकडेच लग्न केलं आणि काही वर्षांनी नोकरी सोडून घरी आले. आमचं गाव दिवेआगरच्या अलीकडे. नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्याची गोष्ट येणार आहे तो रिसॉर्टवाला अजून आमचा शेजारी आहे. सासूबाई ओटीवर सुपारी सोलत बसल्या होत्या. त्यांनी नव्या सुनेला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पायापासून डोकं काही फार लांब नव्हतं म्हणा, आणि मला हळूच म्हणाल्या, "एवढीशी हाय, पण नजर बघ. ही न्हाय ऐकायची कुणाचं."

सासूबाईंचं बोलणं खरं ठरलं. रोझा पहिला मराठी शब्द शिकली तो 'न्हाय'. चहात साखर? न्हाय. डोक्यावर पदर? न्हाय. शांताराम हसून सांगायचा की हिच्या भाषेचं नावच वाराय आहे आणि वाराय म्हणजे 'नाही', मग मी काय करू! मला ती वैनी म्हणायची. जाऊबाई म्हणायला हवं, पण ती सगळं नवऱ्याकडून शिकली आणि शांताराम मला वैनी म्हणायचा, म्हणून तीही वैनी. कुणी दुरुस्त केलं नाही. मला आवडायचं.

आल्या आल्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्हाणीघरातून हाक आली, "वैनी, सबोन!" मी साबण नेऊन दिला आणि दारातच उभी राहिले. ही आपली भाषा कधी शिकली? मग कळलं, त्यांच्याकडे साबणाला सबोन, मेजाला मेसा. डोकं पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "तुमच्याकडे पण आले होते का ते?" म्हटलं, "आले होते की. पोर्तुगीज. रेवदंड्याला कोट हाय त्यांचा, पडका." "आमच्याकडे त्यांचे शेजारी आले, स्पेनवाले. तीनशेवर वर्षं बसले." क्षणभर विचार करून म्हणाली, "राज्य गेलं, साबण ऱ्हायला. चांगलं झालं. त्यांचे हात लागलेलं सगळं धुवून काढायला."

अशी बोलायची. मऊ आवाजात, कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत.

त्या कोयत्याचं कारण मी कितीतरी वर्षांनी विचारलं. शांताराम तेव्हा नुकताच गेला होता. आम्ही दोघी विधवा जावा दुपारी मागल्या पडवीत बसून सुपारी सोलत होतो. ती म्हणाली, "वैनी, जुनी सासू एकदाची गेली, आता जरा पाय पसरून बसू म्हणावं, तर दारात दुसरी उभी. आणि म्हणते कशी, मी सासू न्हाय गं, मी तुझी आईच! तसं झालं आमचं." म्हणजे असं की तिच्या पणजीच्या काळात तिकडचे लोक स्पेनवाल्यांशी लढले, सुटायची वेळ आली, तेवढ्यात अमेरिकन आले. आम्ही तुम्हाला सोडवायला आलो म्हणाले आणि तेच राहिले. मग त्यांच्याशी लढाई.

रोझाचं गाव बालांगिगा. नारळ, मासळी, एक चर्च. आपल्यासारखंच. तिथे अमेरिकन शिपायांनी तळ ठोकला. पुरुषांना कोंडून घातलं, गावाची साफसफाई करायला जुंपलं, धान्याची नासधूस केली आणि घराघरांतले कोयते गोळा करून नेले. "कोयता न्हाय तर नारळ न्हाय, कंद न्हाय, घराला बांबू न्हाय," रोझा सांगत होती. "कोयता गेला की माणूस नुसता बसून ऱ्हातो. म्हणून सरकार आधी कोयता घेतं. मी कमरेचा काढत न्हाय तो त्यासाठी."

मग एके दिवशी गावात बायांची रांग आली. रडणाऱ्या, डोक्यावरून कापड ओढलेल्या, आणि सोबत लहान मुलांच्या शवपेट्या. पहारेकऱ्याने एक पेटी किलकिली करून पाहिली, आत मूल. पटकी, बाया म्हणाल्या. त्याने घाईघाईने झाकण लावलं आणि सगळ्यांना जाऊ दिलं. बाकीच्या पेट्यांत कोयते होते. त्या रडणाऱ्या बायांतल्या पुष्कळशा बाया नव्हत्याच, पुरुष होते. पण खऱ्या बायाही होत्या आणि त्यांतली एक रोझाची पणजी. असं तिची आजी सांगायची, खरं-खोटं देव जाणे. दुसऱ्या सकाळी शिपाई न्याहारीला बसले असताना चर्चची घंटा वाजली आणि गाव तुटून पडलं.

पुढचं ती भराभर सांगून मोकळी झाली. अमेरिकन फौज परत आली, गाव जाळलं, बेट जाळलं. दहा वर्षांवरच्या कुणालाही सोडायचं नाही असा हुकूम होता. पणजी तान्ह्या लेकीला छातीशी धरून जंगलात राहिली. ते तान्हं बाळ म्हणजे रोझाची आजी. जाताना चर्चच्या घंटाही शिपाई जहाजावर घालून घेऊन गेले.

मी विचारलं, "म्हणजे तुम्ही हरलात?"

"हरलो की."

मग हातातली सुपारी टोपलीत टाकून म्हणाली, "पण त्यांची न्याहारी पुरी होऊ दिली न्हाय."

त्या घंटा शंभरावर वर्षांनी, आत्ता अलीकडे, परत मिळाल्या. तिच्या भाचीने फोनवर चित्रफीत पाठवली होती. विमानातून लाकडी खोकी उतरवतात, गावात लोक रडतात, नाचतात. रोझा फोन कानाशी धरून बसली. बघत नव्हती, ऐकत होती. घंटा वाजली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "बघ, दिल्या ना परत! माणसं सुधारतात." डोळे उघडले आणि म्हणाली, "चोर लुगडं परत द्यायला आला, वैनी. चांगलं हाय. पण त्याला हार घालू नको."

मग ते वादळ आलं, दोन हजार वीसचं. आमच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीची झाडं काड्यांसारखी मोडली, माड मुळासकट. पुरुष माणसं डोकं धरून बसली. रोझा सकाळी कोयता घेऊन निघाली ती पडलेल्या माडांचे कोवळे गाभे काढून गावभर वाटत सुटली. आम्हाला माहीतच नव्हतं की तो गाभा इतका गोड लागतो. "आमच्याकडे वादळ पाहुण्यासारखं दरवर्षी येतं," ती म्हणायची. "झाड पाडतं आणि जातं. वादळाची भीती न्हाय. वादळानंतर जो येतो ना, इस्त्रीचे कपडे घालून, त्याची भीती."

तो आलाच. किनाऱ्यालगतच्या दोन वाड्या मोडल्या भावात विकल्या गेल्या आणि तिथे रिसॉर्ट झालं. होऊ दे, कुणाच्या पोटावर पाय नव्हता. पण मग त्याने गावाची समुद्राकडे जाणारी वाट कुंपणात घेतली. सुरूचे खांब, काटेरी तार, हिरवी जाळी आणि मधोमध लोखंडी फाटक. हीच वाट आमच्या सुकट वाळवायच्या खळ्याची, तिसऱ्या-शिंपल्या काढायला जायची, गणपती नेण्याची. आणि तीच वाट स्मशानाची. आमचं स्मशान किनाऱ्यावर, सुरूच्या बनाशी. वाटेत विसाव्याचा दगड आहे, तिथे तिरडी क्षणभर टेकवून खांदेकरी बदलतात, तोही कुंपणाच्या आत गेला.

पावसाळ्यात आमच्या आळीतले तात्या वारले. फाटकाला कुलूप. शेवटी खाडीच्या बाजूने, गुडघाभर चिखलातून त्यांना न्यावं लागलं. तिरडी कलली. तात्यांचा हात बाहेर आला.

गावातली पुरुष मंडळी मॅनेजरला भेटायला गेली. आता कसं असतं, कुणाचा मुलगा तिथे ड्रायव्हर, कुणाची सून खोल्या झाडायला. जोर कसा येणार? संध्याकाळी मंडळी खूश होऊन परत आली. मॅनेजर फार सज्जन माणूस, म्हणाली. एरवी वाट बंद, पाहुण्यांना त्रास होतो. पण मयत असलं तर फाटक लगेच उघडेल, तसा चौकीदाराला हुकूमच देऊन ठेवला आहे.

पारावर सगळे माना हलवत होते. रोझा मागे उभी होती. म्हणाली, "म्हंजे जित्या माणसानं समुद्र बघायचा न्हाय? मेल्यावर बघायचा?"

कुणीतरी म्हणालं, "तसं न्हाय रोझाबाई, निदान एवढं तरी मिळालं..."

"बरं," रोझा म्हणाली. "मग आपण मरू."

मला वाटलं, चिडून बोलली असेल. दुसऱ्या दिवशी पाहते तर मागल्या अंगणात बांबू तासत बसलेली. शेजारची सुलभा, मासळी विकते, जिभेने तिखट, तीही तिथेच. "वैनी," सुलभा मला म्हणाली, "तुमची जाऊ पागल झाली. तिरडी बांधतेय."

"कुणाची?"

"माझी," रोझा म्हणाली.

बायांची सभा माझ्या स्वयंपाकघरात भरली. बोलून बोलून चूल विझली. जित्या माणसाची तिरडी म्हणजे अपशकुन. त्यातून बायकांनी खांदा द्यायचा? बायका स्मशानात जात नाहीत आमच्यात. रोझाने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अपशकुन तुमच्या देवाचा हाय ना? मी झोपते. माझा देव वेगळा, त्याला ह्यातलं काय कळत न्हाय." सुलभाने विचारलं, "आणि तुमच्या देवानं विचारलं तर?" "तर सांगेन, पणजीनं शिकवलं." मी म्हटलं, "अगं, पण पोलीस आले तर?" रोझाने माझ्याकडे पाहिलं. "वैनी, कुंपण कुणाच्या वाटेवर हाय?" "आपल्या." "मग?" माझं लग्न होऊन मी ह्या गावात आले ती पायी त्याच वाटेने, होडीतून उतरून. मी म्हटलं, "पुढचा खांदा माझा."

सकाळी आम्ही निघालो. पंधरा-वीस बाया, सगळ्या रडत. रोझा तिरडीवर, अंगावर पांढरी चादर आणि चादरीखाली तिच्या दोन्ही बाजूंना घराघरांतले कोयते. सुलभा पुढे मडकं धरून. मडक्यात विस्तवाऐवजी भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी होती, कारण काम किती वेळ चालेल कोण जाणे! रडायचं कसं ह्याची काळजी होती, पण तात्यांचा तो हात आठवला आणि खरंच रडू आलं.

फाटकावर चौकीदार होता, तळा तालुक्यातला, पन्नाशीचा साधा माणूस. त्याने आम्हाला पाहिलं आणि झटकन उठला, टोपी काढली, फाटक सताड उघडलं.

"कोण गेलं, बाय?"

"आमची जाऊ," मी म्हटलं.

"अरारा. कशानं?"

सुलभा पुढून म्हणाली, "कुंपणानं."

त्याच्या डोक्यात शिरलं नाही. त्याने पाहिलं की खांदेकरी सगळ्या बायका, माझा खांदा तर झुकलेला. आपल्याकडे वाटेत तिरडी दिसली तर परका माणूसही दोन पावलं खांदा देतो. त्याने चपला काढल्या आणि माझ्या हातून दांडा घेतला. "पुरुष माणूस न्हाय का कोण घरात? द्या इकडं." मी काय करणार? दिला! तर असा रिसॉर्टचा चौकीदार आमचे सगळे कोयते स्वतःच्या खांद्यावरून कुंपणाच्या आत घेऊन गेला. "लई जड हाय हो बाई," म्हणाला बिचारा. चादरीखालून फिसकन आवाज आला. रोझाला हसू आवरत नव्हतं. सुलभाने एकदम मोठ्याने गळा काढला म्हणून निभावलं.

विसाव्याच्या दगडाशी तिरडी टेकवली. रोझा उठून बसली.

चौकीदार मटकन खाली बसला. रोझा त्याला म्हणाली, "दादा, घाबरू नको. खांदा दिलास, पुण्य लागलं." आणि चादर बाजूला केली. जिचा तिचा कोयता जिच्या तिच्या हातात गेला. सुरूचे खांब ते, कोयत्याला कितीसे? एका बाजूने मी, एका बाजूने रोझा. खांब पडला की तार आपोआप लोळण घ्यायची. आम्ही तारेला बोट लावलं नाही, जाळी नीट गुंडाळून ठेवली. रोझाची ताकीद होती, "त्याचं त्याला परत द्यायचं. आपण चोर न्हाय."

मॅनेजर धावत आला. "हे काय चाललंय? परवानगी फक्त मयताला होती!" रोझा पुन्हा तिरडीवर जाऊन बसली होती, मडक्यातली भाकरी खात. म्हणाली, "व्हय. मी मयत हाय. जरा विसावा घेतेय."

काम झालं. आम्ही घराकडे वळलो तशी तिने अडवलं. तिच्या गावची रीत अशी की मयताहून सरळ घरी जायचं नाही. मध्ये कुठेतरी थांबायचं, काहीतरी खायचं-प्यायचं, म्हणजे मागे मागे येणारं मरण वाट चुकतं, घरी येत नाही. "पण तू तर मेली नाहीस," मी म्हटलं. "रीत ती रीत." आणि चालू लागली ती कुठे? रिसॉर्टच्या व्हरांड्यात! तिथल्या वेताच्या खुर्च्यांवर आम्ही सगळ्या बसलो, चिखलाच्या पायांनी, आणि चहा मागवला. पाहुणे फोटो काढत होते. रोझा बशीतून चहा ओढत म्हणाली, "मरण मागे आलं असलं तर इथं ऱ्हाऊ दे. खोल्या रिकाम्या हायत."

पोलीस आले, नाही असं नाही. आम्हाला दिवसभर ठाण्यावर बसवून ठेवलं. साहेबांनी विचारलं, "ह्यात पुढारी कोण?" सुलभा म्हणाली, "ती तर सकाळीच वारली, साहेब." पंधरा दिवसांनी कुंपण पुन्हा उभं राहिलं. आम्ही पुन्हा तिरडी बांधली. ह्या वेळी झोपायला सुलभा तयार, आणखी दोघी रांगेत. रोझा फाटकाबाहेरून मॅनेजरला ओरडून म्हणाली, "साहेब, तुम्ही किती वेळा बांधाल ते तुम्ही ठरवा. आम्ही कितीही वेळा मरू शकतो!" आणि ह्या वेळी बायांच्या मागे पुरुषही होते. माना खाली घालून, पण होते. ज्याचा मुलगा ड्रायव्हर होता तो सगळ्यांत पुढे.

तिसऱ्यांदा कुंपण झालं नाही. रिसॉर्टने आपली हद्द वाटेच्या मागे घेतली. वाट बैलगाडी जाईल एवढी मोकळी आहे. या कधी, दाखवते.

मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. रोझाचं थोडंच वाढलं. गेल्या वर्षी पोटात दुखू लागलं, मुंबईच्या डॉक्टरांनी मान हलवली आणि ती घरी आली. पाद्रीबाबांना तिने स्वतःच विचारून ठेवलं होतं की नवऱ्याच्या शेजारी जाळलं तर देवाला चालेल का. ते चालेल म्हणाले. मला म्हणाली, "वैनी, एकदा खोटी नेलीत. आता खरी न्या. आणि विसाव्याशी जरा जास्त थांबा, मला ती जागा आवडते." मी म्हटलं, "गप गं." म्हणाली, "न्हाय."

ती गेली तेव्हा पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, गुरवांनी देवीचं फूल आणलं. तिरडी बायांनीच बांधली, हात सरावलेले होते. पुढचा खांदा माझा. वाटेवर फाटक नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं, तरी जुन्या फाटकाच्या जागी तोच चौकीदार उभा दिसला. टोपी काढलेली, चपला काढलेल्या. पुढे होऊन त्याने दांडा धरला. विसाव्याशी तिरडी टेकवली आणि आम्ही सगळ्या, खरं सांगते, चादरीकडे बघत उभ्या राहिलो. शेवटी सुलभा म्हणाली, "चला बायांनो. ह्या खेपेला उठायची न्हाय ती."

परतताना सगळ्या रिसॉर्टच्या व्हरांड्यात शिरल्या. रीत आता गावाचीच झाली आहे, मयताहून आलेल्या माणसांना तिथे न विचारता चहा मिळतो. सुलभाने मला खुर्ची ओढून दिली. "वैनी, बसा. सरळ घरी जाऊ नये, गेलेली मागे मागे येते म्हणतात."

मी म्हटलं, "न्हाय."

तिचा कोयता माझ्या कमरेला होता. मी कुठेही थांबले नाही. त्या वाटेने सरळ घरी आले, आणि दार उघडंच ठेवलं.